मुलांच्या गोष्टींतून हाताला काम: वस्तू, खेळ आणि खाऊ

रानजाई

नमस्कार. मुलांच्या गोष्टींवरून करायच्या वस्तू आणि पदार्थ यांचा एक धागा इथे असावा असं बरेच दिवस मनात होतं. नेटवर अशा कल्पना खूप आहेत, पण बहुतेक एकाच साच्यातल्या. गोष्टीत ससा आहे, मग कागदी ताटलीचा ससा करा, कापसाची शेपटी चिकटवा, भिंतीवर लावा. पाच मिनिटांत संपतं, आणि गोष्टीशी त्याचं नातं इतकंच की दोन्हीकडे ससा आहे.

माझं म्हणणं असं आहे: गोष्टीत ती वस्तू जे काम करते, तेच काम मुलाने केलेल्या वस्तूने करून दाखवावं. टोपी असेल तर ती डोक्यावर बसायला हवी. घर असेल तर त्यावर पाऊस पडायला हवा. पदार्थ असेल तर तो सगळ्यांनी मिळून खायला हवा. ही कसोटी लावली की आपल्या जुन्या गोष्टी फार कामाच्या ठरतात, कारण त्यांत सतत कोणीतरी काहीतरी बनवत असतं.

उंदराच्या टोपीचीच गोष्ट घ्या. उंदराला चिंधी सापडते. तो धोब्याकडून ती धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, गोंडेवाल्याकडून गोंडे लावून घेतो आणि ढोलकं बडवत राजाच्या वाड्यापुढे जातो. काही घरांत मध्ये रंगारीही येतो. म्हणजे गोष्टीतच कारागिरांची रांग आहे. मुलांचे तसेच गट करायचे आणि एका गटाचं काम झाल्याशिवाय चिंधी पुढे जाऊ द्यायची नाही.

चिंधी म्हणजे जुन्या सुती चादरीचा तुकडा. रंगाऱ्याने लिटरभर पाण्यात दोन चमचे हळद उकळायची (हे मोठ्यांनी), कोमट झाल्यावर कापड अर्धा तास बुडवून ठेवायचं आणि सावलीत वाळवायचं. शिंप्याचं काम आठ वर्षांच्या मुलाला सहज जमतं. डोक्याचा घेर मोजायचा, शिवणीसाठी 2 सेंमी धरायचे, पट्टीची उंची 22 सेंमी. दोन टोकं जोडली की नळी होते. वरच्या कडेला धावदोरा घालून ओढला की चुण्या पडून टोपी मिटते. मिटलेल्या जागी एक छोटं भोक उरतं, आणि गोंडा बसतो तो बरोबर तिथेच. गोंडा तिथे का, हे मुलांना सांगावं लागत नाही.

गोंड्यासाठी पुठ्ठ्याच्या सारख्या दोन चकत्या कापा. बाहेरचा व्यास 6 सेंमी, मधलं भोक 2 सेंमी. दोन्ही एकावर एक ठेवून भोक जवळजवळ भरेपर्यंत लोकर गुंडाळायची, मग बाहेरच्या कडेने दोन चकत्यांच्या फटीतून कात्री फिरवायची. त्याच फटीतून मजबूत दोरा घालून घट्ट गाठ मारायची आणि मग चकत्या काढून टाकायच्या. गाठ सैल राहिली तर गोंडा गळतो, म्हणून दोन मुलांनी मिळून ओढावी.

एक गंमत राखून ठेवा. टोपी तयार झाली की एका मुलाला तिच्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायला सांगा. पिवळ्यावर लाल ठिपका उठतो. लिंबू पिळलं की तो पुन्हा पिवळा. मग विचारा, गोष्टीत धोबी आधी का आला, रंगारी आधी आला असता तर?

तुम्ही काय काय केलं आहे ते लिहा. मापं आणि अडचणी दोन्ही येऊ द्या.

गोंद्या_नाशिककर

मस्त धागा. ढोलकं राहिलं की! पत्र्याचा रिकामा डबा घ्या, कडा हातोडीने आत दाबून बोथट करा. मोठ्या फुग्याचं तोंड कापून तो डब्यावर ताणून बसवा आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळा. फुगा जितका ताणलेला तितका आवाज चढा. वर चिमूटभर रवा टाकून वाजवलं तर रवा नाचतो, लहान पोरं तेवढ्यावरच अर्धा तास रमतात.

केतकी_न्यूजर्सी

आमच्याकडे 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' फार चालते. इथल्या मुलांना भोपळा ऑक्टोबरमध्ये दारोदार दिसतो, त्यामुळे म्हातारी त्यात बसली हे त्यांना अगदी पटतं. म्हातारी लेकीकडे तूप-रोटी खाऊन जाडजूड झाली, मग आपण भोपळ्याचंच काहीतरी खाऊ, असं म्हणून घारगे केले. मराठी शाळेतल्या मुलांबरोबर करते त्याचं प्रमाण देते.

लाल भोपळ्याचा कीस 2 वाट्या, चिरलेला गूळ 1 वाटी, 1 चमचा तूप. तुपावर कीस मऊ होईपर्यंत परतायचा, गूळ घालून विरघळला की गॅस बंद. चिमूट मीठ, वेलची, हवं तर किसलेलं जायफळ. मिश्रण कोमट झालं की त्यात मावेल तेवढी कणीक आणि 2-3 चमचे तांदळाचं पीठ. पाणी अजिबात घालायचं नाही. मावेल तेवढी म्हणजे किती, हे मुलांनाच ठरवू द्या. पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल, हाताला न चिकटणारा गोळा हवा. अर्धा तास झाकून ठेवायचा. केळीच्या पानावर किंवा प्लास्टिकवर तेलाचं बोट लावून थापायचे, वर खसखस दाबायची. तळण मोठ्यांनी करायचं, मध्यम आचेवर, कारण गुळामुळे ते चटकन काळे पडतात.

परदेशातल्यांसाठी महत्त्वाचं: दारात कोरायला ठेवतात तो मोठा केशरी भोपळा घेऊ नका. तो पाणचट आणि दोरेदार असतो, पीठ खूप मावतं आणि चव लागत नाही. बटरनट किंवा छोटा पाय पम्पकिन घ्या. ऑस्ट्रेलियातली बहीण केंट भोपळ्याचे करते, ते तर आपल्या डांगरासारखेच होतात.

भोपळ्याच्या बिया फेकू नका. धुऊन वाळवल्या की लहान मुलं गोष्ट सांगताना वाघ, अस्वल, कोल्हा यांच्या जागी एकेक बी मांडतात. प्राण्यांचा क्रम चुकला की तीच ओरडतात.

जुना_वाचक

धाग्यातला उत्साह आवडला, पण एक वेगळं मत मांडतो. माझ्या नातवाला गोष्ट वाचून दाखवली की तो थोडा वेळ गप्प बसतो. त्या वेळात त्याच्या डोक्यात गोष्ट चालू असते असं मला वाटतं. आपण लगेच कात्री-डिंक पुढे केला तर ती थांबते. आमच्या लहानपणी गोष्ट ऐकली आणि झोपलो, इतकंच होतं, आणि त्या गोष्टी अजून पाठ आहेत. हल्ली प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी 'करून पाहा' असं पान असतं. मुलाला वाटायला लागेल की गोष्ट म्हणजे पुढच्या गृहपाठाची सूचना. पुस्तक पुस्तक म्हणून पुरेसं नाही का?

रानजाई

@जुना_वाचक, तुमची शंका मला महत्त्वाची वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

गप्प बसण्याचा वेळ मोडायचा नाही, याला माझं पूर्ण अनुमोदन. म्हणूनच वाचल्या दिवशी मी काहीच करत नाही. मूल ती गोष्ट पुन्हा मागतं का ते बघते. दोन-तीनदा मागून झाल्यावर ते स्वतःच त्यातलं काहीतरी विचारायला लागतं. मेणाचं घर कसं असतं? म्हातारी भोपळ्यात मावली कशी? तो प्रश्न आला की काम काढायचं. काही पुस्तकांवर असा प्रश्न येतच नाही. मग त्यांवर काहीही करायचं नाही.

पण आपण लहानपणी फक्त ऐकलं आणि झोपलो, हे मात्र मला पटत नाही. शिंपी, धोबी, शेणाने सारवलेली भिंत, तूप-रोटी हे सगळं तेव्हाच्या मुलांनी गोष्टीबाहेर पाहिलेलं असायचं. गोष्टीतल्या शब्दाला हाताचा अनुभव आधीच होता. माझ्याकडे येणाऱ्या मुलांतल्या कितीतरी जणांनी कापड शिवलं जाताना कधी पाहिलेलंच नाही. त्यांना टोपी शिवायला लावणं म्हणजे गोष्टीला पुरवणी जोडणं नाही, गोष्ट पुरी ऐकवणं आहे, असं मी मानते.

निळीशाई

रानजाईला अनुमोदन. आम्ही चिमणीच्या मेणाच्या घरावर काम केलं. 'कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं' हे मुलं घोकतात, पण मेणावर पाणी टिकत नाही हे त्यांना माहीत नसतं.

सर्वांत लहान मुलांसाठी: पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने दाबून घर काढायचं. काहीच दिसत नाही. मग पातळ निळा जलरंग वरून फिरवायचा, हा पाऊस. सगळा कागद भिजतो आणि घर कोरडं उभं राहतं. पहिल्यांदा ते दिसतं तेव्हाचे चेहरे बघण्यासारखे असतात. बाटिकचं कापडही याच तत्त्वावर रंगवतात, मोठ्या मुलांना ते पुढे दाखवता येतं.

मोठ्यांसाठी खरी घरं: एक माती आणि गवताच्या तुकड्यांचं, एक पुठ्ठ्याचं. पुठ्ठ्याच्या घराला वितळलेल्या मेणाचा हात द्यायचा. मेण थेट गॅसवर कधीही ठेवू नका, पेट घेतं. पातेल्यात पाणी उकळून त्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. मधमाशांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे उकळत्या पाण्याची उष्णता पुरेशी आहे. ब्रशने मोठ्यांनीच लावायचं. मग दोन्ही घरं परातीत ठेवून झारीने पाऊस.

मातीचं घर किती वेळ टिकतं याची पैज मुलं लावतात. आमच्या एका मुलीने गवत जास्त घातलं आणि तिचं घर बराच वेळ उभं राहिलं. मग कावळ्याने काय करायला हवं होतं यावर जी चर्चा झाली ती मला गोष्टीइतकीच आवडली. काही मुलं कावळ्याच्या बाजूने भांडत होती. चिऊताईने दार उघडायला एवढा उशीर का केला, बाळाची आंघोळ थांबली नसती का, असं त्यांचं म्हणणं.

पुढची पायरी म्हणून खऱ्या चिमणीसाठी लाकडी खोपा केला. घरचिमणीला 32 मिमी व्यासाचं भोक पुरतं. त्याहून मोठं ठेवलं तर साळुंकी आत शिरते. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही आणि इतर पक्ष्यांना सोयीची होते. 20 मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, पण खोपा त्याच्या बराच आधी टांगलेला बरा.

जिप_शाळेतली_ताई

मी अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पटावर चाळीस मुलं, खर्चाला पैसे नाहीत, त्यामुळे लोकर-रंग-बटरनट हे आमच्याकडे होत नाही. पण दोन गोष्टी दरवर्षी होतात.

पहिली दगडाच्या सुपाची. मूळची युरोपातली लोककथा आहे, मी आमच्या भाषेत सांगते. भुकेला वाटसरू गावात येतो, कोणी काही देत नाही. तो चौकात चूल मांडतो आणि पाण्यात नदीतला गोटा टाकून ढवळत बसतो. लोक जमतात. तो म्हणतो, आमटी झकास होणार, फक्त जरा मीठ असतं तर. कोणी मीठ आणतं. मग कोणी कांदा, कोणी गाजर. शेवटी सगळं गाव जेवतं.

ही गोष्ट मी पौषात सांगते, कारण संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. आमच्याकडे भोगीची भाजी म्हणजे वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, शेंगदाणे, बोरं, वर तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. प्रत्येकाने घरात किंवा रानात असेल ते मूठभर आणायचं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने पाणी आणायचं किंवा जळण. हे मी आधीच जाहीर करते, म्हणजे कोणाला रिकाम्या हाताने उभं राहावं लागत नाही. वाटसरूनेही दगडच आणला होता. पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या ताई मोठ्या पातेल्यात भाजी करतात. मुलं शेंगा सोलतात, तीळ भाजल्याचा वास कधी बदलतो ते हुंगून सांगतात, तिळाचं कूट कुटतात. सुरी फक्त सातवीच्या मुलांच्या हातात.

गोटा टाकायचाच असा मुलांचा हट्ट असतो. चांगला घासून, वेगळा वीस मिनिटं उकळून मग टाकतो आणि वाढायच्या आधी काढतो. एक काळजी सगळ्यांनी घ्या: नदीतला दगड थेट विस्तवात कधीही ठेवू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटून उडतो.

दुसरी गोष्ट, निळीशाई ताईंनी लिहिलेली चिऊ-काऊचीच. आमच्याकडे घरं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या पद्धतीने होतात, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. टोकाचा गुल काढलेल्या काड्या ट्यूबच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी खुपसल्या की सांधा तयार होतो. चौकोन केला तर तो हलतो, तिरका होतो. त्रिकोण हलत नाही. पाऊस नाही, वारा आला असता तर कोणाचं घर टिकलं असतं, हा प्रश्न मुलांनीच काढला आणि छपराला त्रिकोण का असतो ते त्यांना समजलं. गुप्तांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर बघा.

मांडवीकाठ

ताई, वाचून फार आनंद झाला. चाळीस मुलांची भाजी! आता मी गोव्याहून थोडी भर घालते.

'श्यामची आई' आम्ही घरी रोज एक प्रकरण असं वाचतो. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात 'पत्रावळ' नावाचं एक प्रकरणच आहे, श्यामने पत्रावळ लावायला शिकण्याचं. माझ्या मुलाने विचारलं, पत्रावळ लावायला शिकायला काय लागतं, ती तर दुकानात मिळते. म्हणून बसलो.

पळसाची पानं इथे मिळाली नाहीत, तेव्हा देशी बदामाची घेतली. रस्त्याकडेला सगळीकडे असतो तो, मोठ्या पानांचा. हिरवी, न फाटलेली पानं धुवून, पुसून तासभर सावलीत ठेवली की जरा नरम पडतात आणि टोचताना चिरत नाहीत. टाके नारळाच्या हिराचे. हीर तिरका कापून टोकदार करायचा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. मधे सर्वांत मोठं पान, त्यावर अर्ध्यापर्यंत चढवून दुसरं, आणि हीर वरून आत, मग खालून वर असा घालायचा. गोल पूर्ण करताना शेवटचं पान पहिल्याच्या खाली सरकवायचं, नाहीतर तिथून गळतं.

रानजाईंची कसोटी इथे अगदी चपखल बसते. पत्रावळ चांगली झाली की नाही ते वरण ठरवतं. आधी दाट वरण-भात वाढला, तो राहिला. मग सोलकढी वाढली. ज्याची गळली त्याने पानाला कुठे फट आहे ते स्वतः शोधलं आणि पुढची जास्त नीट लावली. मी एक शब्द बोलले नाही.

हात बसला की फणसाच्या पानांचे खोट्टे करा. चार पानं, अधिकच्या चिन्हासारखी एकमेकांवर, शेजारशेजारच्या कडा वर उचलून हिराने टोचायच्या की पेला होतो. त्यात इडलीचं पीठ पाऊण भरून वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचं. फणसाच्या पानाचा वास उतरतो तो कुठल्याही साच्यात येत नाही. नारळाचं दूध आणि गूळ घेऊन खायचं.

वऱ्हाडी_पाखरू

पळसाच्या पानांबद्दल: आमच्याकडे विदर्भात उन्हाळ्यात नवी पानं येतात तेव्हा पत्रावळी लावायचं काम जोरात असतं, लग्नसराईसाठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये शोधाल तर झाडावर फुलंच फुलं, पानं जवळपास नाहीत. एप्रिल-मे गाठा. एका देठाला तीन पानं असतात, मधलं मोठं असतं ते बुडाला वापरा. टाक्यासाठी बांबूची बारीक चोय हिरापेक्षाही बरी.

दोन_मुलींचा_बाबा

माझ्या धाकटीचं आवडतं पुस्तक एरिक कार्लचं, भुकेल्या सुरवंटाचं, 1969 मधलं. सोमवारी 1 सफरचंद, मंगळवारी 2 नाशपाती, बुधवारी 3 आलुबुखार, गुरुवारी 4 स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी 5 संत्री, आणि शनिवारी केकपासून कलिंगडापर्यंत सगळं. पानांना खरी भोकं आहेत. तशी भोकं पाडून छापणं अमेरिकेत परवडेना, म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापली गेली.

आम्ही स्वतःचं पुस्तक केलं. कार्ल कागद आधी रंगवून मग कापून चिकटवायचा. आपल्याकडे पतंगाचा कागद त्याला उत्तम. त्यावर जाड ब्रशने रेघा, ठिपके, बोटांचे ठसे, वाळवून फळांचे आकार कापायचे. आमच्या सुरवंटाने बोर, चिकू, पेरू, करवंदं आणि जांभळं खाल्ली. पण एका पानावर करवंदं आणि बोरं आली तेव्हा मोठी म्हणाली, बोरं हिवाळ्यात आणि करवंदं उन्हाळ्यात, एका आठवड्यात कशी मिळतील? मग धाकटीने वारांऐवजी महिने घातले. पुस्तक फार सुंदर झालं. भोकं साध्या कागदी पंचने पाडली.

पण खरी मजा कुंडीत होती. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर नीट बघा. लाइम बटरफ्लाय नावाचं फुलपाखरू त्यावरच अंडी घालतं. अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते म्हणून आपलं लक्ष जात नाही. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मोठ्या बरणीत फांदीसकट ठेवा, तोंडाला मलमल बांधा, रोज ताजी पानं द्या आणि विष्ठा साफ करा. बाजारातला कढीपत्ता घालू नका, त्यावर औषध फवारलेलं असू शकतं. कोष करायच्या आधी ती फांदीवर रेशमाचा एक धागा कमरेभोवती घेते आणि त्याच्या आधाराने स्थिर होते. पुढे एक-दोन आठवड्यांत फुलपाखरू. पंख वाळेपर्यंत हात लावायचा नाही, मग बरणी उघडून सोडायचं.

2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, तीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. घरी लिंबू असेल तर नशीब आजमावायला हरकत नाही.

जुना_वाचक

वाचतो आहे. 'मूल गोष्ट पुन्हा मागेपर्यंत थांबायचं' हे मला मान्य. तरी सगळ्या पुस्तकांवर काहीतरी झालंच पाहिजे असा आग्रह नसावा, हे माझं मत कायम आहे. कविता तर बिलकुल सोडून द्या, त्या फक्त म्हणू द्या.

मात्र म्हातारी भोपळ्यात मावली कशी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. आमचं घर मिरजेत. इथल्या तंतुवाद्य करणाऱ्यांच्या दुकानांत तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले असतात. मोठाले, वाळून लाकडासारखे कडक झालेले, आत पोकळ. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. नातवाला नेलं. कारागिराने बोटाने वाजवून दाखवलं, आतून गंभीर नाद आला. अर्धवट कापलेल्या एकात नातवाने डोकं घालून हाक मारली. त्यानंतर गोष्ट सांगताना म्हातारीचा आवाज तो घुमवून काढतो. पोकळी कशी असते ते आता त्याला माहीत आहे. मिरजेला कोणी येणार असेल तर मुलांना जरूर घेऊन या, मी बरोबर येईन.

रानजाई

@जुना_वाचक, कवितेबद्दल अगदी एकमत. आणि मिरजेचं निमंत्रण मी मनापासून घेते आहे, उन्हाळ्यात येतो आम्ही.

सायली_डबा

मी एक विचारू? 'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक आम्ही सध्या वाचतोय, चेतना सरदेशमुख गोसावींचा अनुवाद. त्यातल्या शाळेत मुख्याध्यापक कोबायाशी डब्यात 'काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं' आणायला सांगतात. ज्याच्या डब्यात एक नसेल त्याला त्यांच्या पत्नी दोन भांडी घेऊन वाढत फिरतात. मुलगा हट्टाला पेटलाय की आपणही असाच डबा न्यायचा. डोंगरावरचं सोपं आहे, रताळं, नाचणीची भाकरी, करवंदाचं लोणचं. पण आम्ही शाकाहारी. समुद्रातलं काय देऊ?

मांडवीकाठ

मीठ! मिठागरात समुद्राचं पाणीच वाळवतात. पहिल्या दिवशी डब्यात खड्याचं मीठ आणि पेरू द्या, आणि ते कुठून आलं ते मुलालाच सांगू द्या. आमच्याकडे मासे आहेत म्हणून सोपं, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं दिलं की झालं.

दोन_मुलींचा_बाबा

नारळ समुद्रातला की डोंगरावरचा? आमच्याकडे यावर मोठा वाद झाला. शेवटी किनाऱ्यावरचा म्हणून तो दोन्हीकडे चालतो असं ठरलं.

निळीशाई

सायली, चायना ग्रास घ्या, म्हणजे अगर-अगर. वाण्याकडे पांढऱ्या चुरमुडलेल्या पट्ट्या मिळतात त्या. समुद्री शेवाळापासून करतात, पूर्ण शाकाहारी, आणि मूळ कल्पनाही जपानचीच. त्याची कोकमाची जेली करा, म्हणजे समुद्र आणि कोकण एकाच तुकड्यात.

8 ग्रॅम चायना ग्रास कात्रीने बारीक कापून दीड कप पाण्यात अर्धा तास भिजवायचं, मग मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. एकही तंतू दिसता कामा नये. गॅस बंद करून मगच अर्धा कप कोकम सरबताचा अर्क घालायचा. आंबट पदार्थ उकळला तर जेली नीट घट्ट होत नाही. चिमूट मीठ, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. ताटलीत ओतून तासभर तसंच ठेवा, फ्रीज लागत नाही. मग मुलाला त्याच्या आवडीच्या आकाराचे तुकडे कापू द्या. एकदा बसलेलं अगर पुन्हा वितळायला साधारण 85 अंश लागतात, त्यामुळे मे महिन्यातही डब्यात दुपारपर्यंत जसंच्या तसं राहतं.